बिडाचं टेबल आणि पोटावरचा वळ

आमच्या परसातला मानकुराद आंबा तौक्ते वादळात आडवा झाला. मे २०२१. बायको दोन दिवस धड जेवली नाही, कारण ते झाड माझ्या आईने लावलेलं. मी मात्र पडलेल्या खोडाभोवती मेजरटेप घेऊन फिरत होतो, आणि ते तिने अजून मनात ठेवलंय.

खोड मिलमध्ये नेऊन दीड इंची फळ्या पाडून आणल्या. पडवीत मधे पट्ट्या घालून, वर चिरे ठेवून दीड वर्ष वाळवल्या. चवथीच्या गणपतीला त्याच आंब्याचा चौरंग करायचा, ही बायकोची अट. नाहीतर त्या जागेवर तिची जळणाची लाकडं असायची.

मी काही जातिवंत सुतार नव्हे. डिचोली तालुक्यातल्या एका खाणीवर फिटर होतो. क्रशर, कन्व्हेयर, पंप यांत उमर गेली. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा वाटलं, होतील सुरू. झाल्याही. मग सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १६ मार्च २०१८ पासून परत बंद पडल्या, तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. पुन्हा कुणाच्या दारात कामाला उभं राहायची उमेद नव्हती, पण हात काही स्वस्थ बसेनात. पाट, चौरंग, माटोळीच्या (गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधतात तिच्या) चौकटी, कुणाच्या देवघराची दारं असं करत करत पडवीचं वर्कशॉप झालं.

तेव्हा माझ्याकडे टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेली करवत, म्हणून जे होतं ते सांगायची आता लाज वाटते. हातात धरायचा सात इंची सर्क्युलर सॉ उलटा करून प्लायवूडच्या टेबलाखाली स्क्रूने बसवलेला. त्याचं बटण दाबून ठेवायला प्लास्टिकची टाय आवळलेली. चालू-बंद करायचं ते भिंतीवरच्या प्लगने. फळी सरळ जावी म्हणून टेबलावर ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप, दोन्ही टोकांना क्लॅम्प. असली टेबलं तुम्हाला गोव्यातल्या प्रत्येक फर्निचरच्या साइटवर दिसतील. माणसं त्यावर दिवसभर काम करतात आणि दहा बोटांनिशी घरी जातात. बहुतेक वेळा.

आंब्याची फळी मी उभी फाडत होतो. साधारण दीड हात गेली असेल. आवाज बदलला. खाणीवर इतकी वर्षं काढल्यावर मशीनचा आवाज बदललेला आधी कानाला कळतो, डोक्याला नंतर. मोटर कण्हल्यासारखी झाली, जळक्या लाकडाचा वास आला, आणि फळीचं मागचं टोक टेबलावरून अर्धा बोट उचललं गेलेलं मला दिसलं. ते दिसेपर्यंत फळी माझ्या पोटात होती. बेंबीच्या डाव्या अंगाला. मी खाली बसलो. फळी तिथून उडून मागे भिंतीवर आपटली आणि पाण्याच्या कळशीला पोचा पाडून गेली. सॉ तसाच गरगरत होता, कारण बटणाला टाय होती आणि प्लग भिंतीवर.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफी केली, आत काही नाही म्हणाले. वळ पंधरा दिवस होता. आधी जांभळा, मग हिरवट, शेवटी पिवळा.

दुसऱ्या दिवशी वाड्यावरचे मेस्त्री आले. वय पंच्याहत्तरच्या पुढे, आयुष्यभर मखरं आणि दारं-खिडक्या केलेला माणूस. माझ्या पोटाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. अर्धवट फाडलेली फळी उचलली, काप डोळ्यांसमोर धरला. काप सुरुवातीला तीन मिलिमीटर रुंद होता आणि टोकाकडे मिटत मिटत पार चिकटला होता. लाकडात ताण होता. फाडल्यावर दोन्ही भाग एकमेकांकडे वळले आणि पात्याला चिमटीत पकडलं. मेस्त्रींनी खाली पडलेली एक ढलपी घेतली, तिरकी तासली आणि कापात खोचली. काप उघडला.

"आमी पाचर मारताले," एवढंच म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

दोन माणसं वर-खाली उभी राहून ओंडका करवतीने कापत, तेव्हा कापात पाचर मारून तो उघडा ठेवत. टेबल सॉ विकत घेताना मी जे काही शिकलो ते त्या एका वाक्याभोवती फिरतं, म्हणून एवढं पाल्हाळ लावलं. आता मशीनकडे वळतो.

टेबल सॉच्या पात्याचे पुढचे दाते, म्हणजे तुमच्याकडचे, खाली जातात. ते लाकूड टेबलावर दाबून धरतात, त्यांचा त्रास नाही. मागचे दाते खालून वर येतात. काप मिटला, किंवा फळी जराशी तिरकी होऊन या मागच्या दातांवर टेकली, की ते तिला उचलून तुमच्या अंगावर फेकतात. दहा इंची पात्याचा घेर सुमारे ऐंशी सेंटिमीटर. मिनिटाला ४,००० फेरे धरले तर दात्याचा वेग ताशी १९० किलोमीटर होतो. एवढ्या वेगाने आलेली फळी बघून बाजूला होणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

यावरचा इलाज म्हणजे पात्याच्या पाठीमागे उभी असलेली एक पोलादी पट्टी. रायव्हिंग नाइफ म्हणतात तिला. नाव नाइफ, पण धार नाही. पात्याच्या वळणाला धरून वाकवलेली असते आणि पातं वर-खाली केलं किंवा कलतं केलं की त्याच्याबरोबर हलते. थोडक्यात, मशीनने स्वतःच मारलेली पाचर. काप मिटू देत नाही आणि फळीला मागच्या दातांकडे वळू देत नाही. जुन्या मशीनवर अशी पट्टी टेबलाला पक्की ठोकलेली सापडते, तीही नसण्यापेक्षा बरी. पण पातं खाली घेतलं की ती उंच राहून आडवी येते, मग लोक ती काढून ठेवतात आणि परत बसवत नाहीत.

हे सगळं कळूनसुद्धा मी आधी चूक करायलाच निघालो होतो. फिटरला वजन आवडतं. बिडाचं जाड टेबल, खाली बेल्टवर चालणारी इंडक्शन मोटर, हातचाकं, असं मशीन डोळ्यांसमोर होतं. ओळखीतून कळलं की बेळगावला उद्यमबागेत एका जुन्या मशीनवाल्याकडे बारा इंची टेबल सॉ आलाय, बंद पडलेल्या फर्निचर कारखान्यातला. थोरल्याला घेतलं, साखळीवरून चोर्ला घाट चढलो. पिशवीत डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं घड्याळ), ते चिकटवायचा मॅग्नेटिक बेस, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) आणि एक मीटरची स्टीलची सरळपट्टी. थोरला म्हणाला, "बाबा, आपण मुलगी बघायला चाललोय का?"

मशीन सुंदर होतं, खोटं कशाला सांगू. टेबलावर हात फिरवला तर पाण्यासारखं. सरळपट्टी उभी, आडवी, दोन्ही कर्णांवर ठेवून पाहिली, खाली सरकवायला एक दशांश मिलिमीटरचं फिलर घेतलं, ते कुठेच शिरलं नाही. मग पातं काढायला लावलं आणि पातं ज्याला टेकतं त्या फ्लॅन्जवर डायल गेज लावून शाफ्ट हाताने सावकाश फिरवला. काटा बारा शतांश हलला. म्हणजे ०.१२ मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण हे शाफ्टच्या मध्यापासून चार सेंटिमीटरवर. बारा इंची पात्याच्या काठाशी जाईपर्यंत तोच डुगडुगा अर्धा मिलिमीटरजवळ जातो. शाफ्ट वर-खाली हलवून पाहिला तर बेअरिंगही सैल. हे मला जमण्यासारखं होतं. बेअरिंग बदललं असतं, फ्लॅन्ज लेथवर घेतला असता. मी मनात हिशेब करू लागलो होतो.

मोटर तीन एचपी, थ्री फेज. माझ्या घरी सिंगल फेज. त्यावरही उपाय आहे, व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारा डबा, बसवता येतो. वजन चार माणसांचं. त्यालाही माणसं मिळतात. मग मी खाली वाकून पात्यामागे बॅटरी मारली. पट्टी नव्हती आणि पट्टी कधी बसवली होती याची खूणही नव्हती. ना भोक, ना ब्रॅकेट. पात्याबरोबर हलणारी पट्टी करायची तर ती ज्या तुकड्यावर पातं वर-खाली होतं त्याच तुकड्याला जोडायला हवी, आणि तिथे कास्टिंग आणि बेल्ट यांच्यामध्ये बोट घालायलाही जागा नव्हती. अर्धा तास वाकून बघत राहिलो. मशीनवाल्याने दुसरा चहा मागवला. तो म्हणाला, "साहेब, या मशीनवर वीस वर्षं काम झालंय, कुणाला काय झालं नाही." त्याच्या कारखान्यातल्या माणसांच्या हातांची चौकशी करायला मी गेलो नाही.

बेळगावहून कुंदा घेऊन परत आलो. बायकोने डबा उघडून पाहिला आणि म्हणाली, "हे मशीन बरं दिसतंय."

त्यानंतर म्हापसा आणि पणजीच्या दुकानांत हिंडलो. दुकानदाराला विचारा, तो पहिल्यांदा वॅट सांगतो. घरच्या कामाला वॅट ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट. दहा इंची पातं आणि १,५०० ते २,००० वॅटची मोटर असली की दोन इंची सागवान किंवा शिवण आरामात फाडता येतं. मट्टी किंवा किंदळासारखं चिवट लाकूड असेल तर सावकाश ढकला, पातं धारदार ठेवा. माझं तर मत आहे की कमी ताकदीचा सॉ म्हणून जे खपतं ते निम्म्या वेळा बोथट पातं असतं.

बॉश, मकिता, डिवॉल्ट यांचे दहा इंची सॉ मी पाहिले. सगळे तेव्हा ४० ते ६० हजारांच्या घरातले, ॲल्युमिनियमच्या टेबलाचे, दोघांनी उचलता येण्यासारखे. मी कुठला घेतला ते मुद्दाम लिहीत नाही. एकदा नाव सांगितलं की लोक तोच मागवतात आणि तपासायचं सोडून देतात. त्याच मॉडेलचे दोन नग दुकानात शेजारी शेजारी लावून पाहिले तेव्हा एकाचं टेबल कर्णावर मधोमध बसकं होतं, तीन दशांशचं फिलर सहज गेलं. दुसऱ्यात दीड दशांशचंही अडकलं. दोन्हींची किंमत एकच.

दुकानात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो फेन्सवर. फेन्स म्हणजे फळी जिला घासून पुढे जाते ती उभी पट्टी, आपले सुतार तिला गाईड म्हणतात. टेबल सॉचा बराचसा जीव यात असतो. फेन्स आवळायचा आणि लांबच्या टोकाला अंगठ्याने जोरात दाबायचं. टोक हललं तर ते मशीन तिथेच सोडून यायचं, कारण फळीचा दाब अंगठ्यापेक्षा जास्त असतो. मग फेन्स सैल करून पाच वेळा पुढे-मागे करायचा, पाच वेळा आवळायचा, आणि दर वेळी टेबलावर पात्याला समांतर असलेल्या खाचेपासून दोन्ही टोकांचं अंतर मोजायचं. काही मशीनवर दात्यांची पट्टी आणि छोटं चक्र असतं, एक मूठ फिरवली की फेन्सची दोन्ही टोकं एकदम सरकतात. ही रचना मला पटली. एकाच टोकाला आवळणारा फेन्स चांगला असतो तेव्हा फार चांगला असतो, पण स्वस्त मशीनवर तो शेपूट हलवतो.

पात्याची खाचेशी समांतरता डायल गेजने पाहिली. पात्याच्या एकाच दात्याला खूण करून तो पुढे असताना आणि मागे असताना मोजायचं, म्हणजे पात्याचा स्वतःचा वाकडेपणा मधे येत नाही. माझ्या नगात दीड दशांशचा फरक निघाला. घरी आणून चार बोल्ट सैल करून पाच शतांशवर आणला. विकणारा मुलगा हे सगळं बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "काका, तुम्ही कंपनीतून तपासणीला आलात का?"

आणि पात्यामागची पट्टी. आहे का एवढंच बघायचं नाही. ती हत्याराशिवाय वर-खाली करता येते का ते बघायचं. चौरंगाला खाच पाडताना, म्हणजे काप आरपार नसताना, वरचं झाकण काढावं लागतं, तेव्हा पट्टी खाली दाबून पात्याच्या टोकाखाली लपवता आली पाहिजे. स्पॅनर लागत असेल तर ती एकदा निघेल आणि खणात पडून राहील. मी स्वतःला ओळखतो.

इथे माझी एक फजिती. मशीनबरोबर आलेलं पातं ठीकठाक होतं, पण उभं फाडायला २४ दात्यांचं वेगळं हवं म्हणून मी ऑनलाइन मागवलं. पातळ काप पाडणारं, लाकूड वाया कमी. बोअर, म्हणजे पात्याचं मधलं भोक, जुळतो का ते नीट पाहिलं होतं, तो ३० मिलिमीटर, जुळला. पहिली फळी घातली, वीतभर गेली आणि ठप्प. ढकलली तर हलेना. मोटर मोकळी फिरत होती, अडकली होती ती पट्टीशी. पात्याचा काप २.२ मिलिमीटर आणि पट्टी त्याहून किंचित जाड. पट्टीवर जाडी कोरलेली होती, मी वाचली नव्हती. पट्टी कापापेक्षा पातळ आणि पात्याच्या धडापेक्षा जाड हवी, तरच ती पाचरीचं काम करते. पातं घेण्याआधी हे दोन आकडे एका कागदावर लिहा आणि खिशात ठेवा. त्या पात्याचं मी आता भिंतीवरचं घड्याळ करणार आहे.

या मशीनमध्ये जे नाही तेही सांगतो. इंडक्शन मोटरचा तो घुमणारा शांत आवाज नाही. या मोटरी ब्रशवाल्या, किंचाळतात. दुपारी एक ते चार आमच्या वाड्यावर मशीन लावायची माझी हिंमत नाही. गोव्यात माणसाची दुपारची झोप मोडणं म्हणजे भाटाच्या हद्दीवरून भांडण उकरून काढण्यासारखं आहे. कानाला मफ लावतो, पण शेजाऱ्यांच्या कानाला कोण लावणार? लांब फळीला मागून आधार नाही, तो मी प्लायचं टेबल करून दिला. मायटर गेज म्हणजे आडव्या कापाची सरकती पट्टी, ती तर सगळ्याच कंपन्यांनी नाइलाजाने दिल्यासारखी दिली आहे. खाचेत खडखडते. त्यासाठी दोन पट्ट्यांवर सरकणारी स्वतःची पाटी बनवली.

बिडाचं टेबल नाही याचं दुःख मात्र पहिल्या पावसाळ्यात गेलं. आमच्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस. जून ते सप्टेंबर पडवीत चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते. माझा बिडाचा व्हाइस दर आठवड्याला तेल मागतो, तरी तांबूस होतो. ॲल्युमिनियमच्या टेबलाला महिन्यातून एकदा मेण चोळलं की फळी लोण्यासारखी सरकते. पाऊस आला की व्होल्टेजही खाली येतं. म्हणून मशीनला स्वतःचा १६ अँपियरचा पॉवर प्लग, आणि एक्स्टेन्शन लागलंच तर अडीच स्क्वेअरच्या वायरचं. मोबाइल चार्जिंगच्या बोर्डावर सॉ लावलेला पाहिला की मला अजून खाणीवरचा सुपरवायझर अंगात येतो.

थोरल्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता, फिरत्या पात्याला सॉसेज लावलं की पातं जागच्या जागी थांबतं. सॉस्टॉप. स्टीव्ह गॅस नावाच्या अमेरिकन माणसाने १९९९ च्या सुमारास काढलेली युक्ती. पात्यात बारीक विद्युत संकेत सोडलेला असतो, अंगाला लागताच तो बदलतो आणि स्प्रिंगने ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसतो. सगळं मिळून पाच मिलिसेकंदांत. बोट वाचतं, ठोकळा आणि पातं बहुधा फुकट जातं. माझ्याजवळ तेवढे पैसे असते तर डोळे मिटून घेतला असता. फक्त फार ओल्या लाकडानेही तो दचकू शकतो, आणि आषाढात आमच्या पडवीतली कुठली फळी कोरडी म्हणायची? शिवाय फळी पोटात येते तेव्हा तो काहीच करत नाही. तिथे पाचरच लागते.

आंब्याचा चौरंग दीड वर्ष उशिरा का होईना, झाला. तीच फळी, तोच मिटणारा काप. या वेळी दोन्ही भाग पट्टीला चिकटून पुढे गेले, घासल्याचा आवाज आला, बाकी काही नाही. मी तरी फळीच्या रेषेत उभा नव्हतो, डाव्या बाजूला होतो, हातात ढकलकाठी. मेस्त्री बघायला आले. मशीन बंद असताना त्यांनी पट्टीवर नखाने टिचकी मारली, मग तिची जाडी बोटांत धरून पाहिली आणि विचारलं, रविवारी मशीन मोकळं आहे का, त्यांच्याकडे फणसाच्या दोन फळ्या फाडायच्या आहेत.

आणखी एक. सॉबरोबर चाकांचा स्टँड आला होता. मे महिन्यात मी दोन दिवस बाहेरगावी असताना बायकोने तो खाटकन उघडून सॉ अंगणात उन्हात ओढला आणि त्यावर सोलं (आमसुलं) वाळत घातली. घरातली सगळ्यात सपाट जागा तीच, आणि ते मीच चार जणांना सांगत फिरत होतो. सोलं छान वाळली. टेबलावर डाव्या बाजूला मिठाचा आणि आंबटाचा ताटाएवढा काळपट डाग उरलाय. सरळपट्टी आणि फिलर लावून पाहिलं, खड्डा पडलेला नाही. मेण चोळतो, पण जात नाही.